अभ्यासपाठ : सेवा दुसऱ्याच्या हातीं सोंपवितांना

वाचावयाचे भाग : गणना २७:१२–२३, १ शमुवेल ८:१–५ व १२:१–५, २३, प्रेषितांचीं कृत्यें २०:१७–३८, २ तीमथ्य २:१–२.



भोर आणि वेल्हे (ज्यास आतां राजगड तालुका म्हणतात) या मावळांत भात पिकविणाऱ्यांस एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं. तरवा दाट व हिरवागार दिसतो म्हणून तो कोणी वाफ्यांतच ठेवीत नाहीं. तो तीन-साडेतीन आठवड्यांचा झाला व खाचरांत पाणी उभें राहिलें, कीं उपटून लावावा लागतो. उशीर केला तर रोप तेथेंच कांडें धरूं लागतें. मग तें लावलें तरी फुटवे थोडे येतात, आणि सुगीच्या वेळीं लोंबी हलकी लागते.

शेतांत जें आपण बिनचूक करितों, तें मंडळींत मात्र करीत नाहीं. पाळक म्हातारा होतो, उपदेशकाची बदली होते, मंडळीचा एखादा वडील अंथरुणास खिळतो. आणि त्या दिवसापर्यंत पुढचा विचार कोणीं केलेला नसतो. मग बाप्तिस्म्याचें रजिस्टर कोणाच्या पेटींत आहे, वर्गणीचे पैसे कोणापाशीं आहेत, उपासनामंदिराची किल्ली कोणाकडे आहे, असा शोध सुरू होतो. आणि त्या शोधाचा शेवट पुष्कळदां भांडणांत होतो. म्हणून हातची सेवा दुसऱ्याच्या हातीं केव्हां व कशी द्यावी, या प्रश्नाचा विचार आपण या पाठांत करूं.

१. शास्त्रांतील तीन निरोप

मोशेस त्याचा अंतकाळ जवळ आल्याचें कळविण्यांत आलें, तेव्हां त्यानें स्वतःसाठीं कांहीं मागितलें नाहीं. मंडळी मेंढपाळावांचून राहूं नये, एवढीच त्याची विनंति होती. त्यास दोन पुत्र होते. परंतु त्यांचें नांव त्यानें काढलें नाहीं. यहोशवाची नेमणूक तंबूंत गुपचूप झाली नाहीं, तर याजकासमोर व सर्व मंडळीसमोर झाली. आणि विसावें वचन नीट वाचावें : मोशे जिवंत असतांनाच त्याच्या अधिकाराचा कांहीं भाग यहोशवास द्यावयाचा होता. म्हणजे लोकांस नव्या माणसाचें ऐकण्याची संवय जुन्या माणसाच्या देखत लागावी. याच्या उलट यहोशवानें आपल्यामागें कोणास नेमल्याचें शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. पुढें काय झालें, तें शास्ते या पुस्तकांत वाचावें.

शमुवेल थोर संदेष्टा. परंतु त्यानें आपल्या मुलांस न्यायाधीश केलें आणि त्या मुलांनीं लांच खाल्ली. तरी त्याचा निरोप आपणांस आदर्श आहे. तो सर्व लोकांसमोर उभा राहिला, मीं कोणाचें कांहीं घेतलें असेल तर सांगा, असें त्यानें विचारलें, आणि काम सोडल्यावरहि लोकांसाठीं प्रार्थना करणें त्यानें सोडलें नाहीं. हिशेब द्यावा, अधिकार सोडावा, प्रार्थना मात्र सोडूं नये, हा क्रम ध्यानांत ठेवावा.

पौलानें इफिसच्या मंडळीचा निरोप घेतांना एकाच माणसास बोलाविलें नाहीं, वडिलांस बोलाविलें. भार अनेकांच्या खांद्यांवर असला म्हणजे एक खांदा गेल्यानें ओझें खालीं पडत नाहीं.

२. मित्रसमाजाची रीत

या बाबतींत आपल्याहून निराळ्या रीतीनें चालणारा एक ख्रिस्ती समाज आहे. त्याचें नांव मित्रसमाज. लोक त्यांस क्वेकर म्हणतात. इंग्लंडांत जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) यांच्या उपदेशापासून तो निघाला. आपल्या देशास तो अपरिचित नाहीं. १८६६ सालीं राहेल मेटकाफ या बाई त्या समाजांतून हिंदुस्थानांत आल्या, आणि पुढें नर्मदेच्या कांठीं होशंगाबाद, म्हणजे आतांचें नर्मदापुरम्, या भागांत त्यांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. १८९६ सालीं अमेरिकेंतील मित्रसमाजाच्या डीलिया फिस्लर व एस्तेर बेअर्ड या दोघींनीं बुंदेलखंडांत नौगांव येथें काम सुरू केलें. १९७० सालीं नागपूर येथें उत्तर भारताच्या मंडळीचें ऐक्य झालें, त्यांत हा समाज सामील नव्हता. त्याची वाट वेगळीच राहिली.

जुन्या रीतीच्या क्वेकर मंडळींत पगारी पाळक नसतो. सर्वजण निःशब्द बसतात. ज्यास प्रभूकडून बोलण्याची प्रेरणा होते तो, पुरुष असो वा स्त्री, उभा राहून बोलतो. स्त्रियांस बोलण्याचा अधिकार आहे, असें मार्गारेट फेल यांनीं १६६६ सालींच लिहून प्रसिद्ध केलें होतें. आतां कोणी म्हणेल कीं, जेथें पाळक नाहीं तेथें पुढारी बदलण्याचा प्रश्न कोठला? परंतु कामें तेथेंहि आहेत. सभा चालवून ठराव लिहिणारा चिटणीस आहे. उपासनेची काळजी वाहणारे वडील आहेत. आजारी, गरीब व रुसलेले यांची विचारपूस करणारे आहेत. पैसे ठेवणारा खजिनदार आहे. फरक हा कीं, हीं पदें मुदतीचीं असतात. इंग्लंडांत ही मुदत बहुधा तीन वर्षांची असते. मुदत संपली म्हणजे चिटणीस उठून इतरांच्या रांगेंत जाऊन बसतो. त्यांत अपमान नाहीं व कोणी त्याविषयीं कुजबुजत नाहीं, कारण तो दिवस येणार हें पहिल्या दिवसापासून सर्वांस ठाऊक असतें.

नेमणूकहि लक्षांत घेण्यासारखी आहे. नांवें सुचविण्यासाठीं थोड्या लोकांची एक समिति असते. पद कोणास हवें आहे, एवढेंच न पाहतां, कोणास कोणतें दान मिळालें आहे याचा शोध तिनें घ्यावयाचा असतो. मग तें नांव सभेपुढें येतें. तेथें हात वर करून मतें मोजीत नाहींत. लोक शांतपणें बसून विचार करितात; जें सर्वांच्या मनास पटलें असें दिसतें, तें चिटणीस तेथल्या तेथें लिहितो व वाचून दाखवितो; सर्वांनीं होकार दिला म्हणजे तो ठराव झाला. मनें जुळलीं नाहींत तर गोष्ट पुढल्या सभेवर ठेवितात. म्हणून एक पक्ष जिंकला व दुसरा हरला, असें सहसा होत नाहीं.

या रीतीची परीक्षा संकटांत झाली. १६८२ सालीं ब्रिस्टल शहरांत मोठीं माणसें तुरुंगांत टाकण्यांत आलीं, तेव्हां त्यांच्या मुलांनीं ठरलेल्या वेळीं जमून उपासना चालू ठेविली. १६९१ सालीं फॉक्स वारले, तरी समाज विस्कळित झाला नाहीं. कारण महिन्याच्या, तिमाहीच्या व वर्षाच्या सभांची घडी त्यांनीं आपल्या हयातींतच बसविली होती. पुढें १९२४ सालीं इंग्लंडांतील मित्रसमाजानें कांहीं निवडक माणसांची 'सेवक' म्हणून नोंद करण्याची जुनी चालहि बंद केली. सेवा हें सर्व मंडळीचें काम आहे, एवढेंच त्यांस म्हणावयाचें होतें.

३. त्या रीतींतील उणीव

कोणतीहि रीत निर्दोष नसते. जेथें मतें मोजीत नाहींत तेथें मोठ्या आवाजाच्या माणसाचें किंवा जुन्या घराण्याचें वजन नकळत वाढूं शकतें. शांततेखालीं रुसवाहि लपूं शकतो. मंडळी लहान असली तर तींच चार माणसें आलटून पालटून पदांवर बसतात. शिवाय नव्या विश्वासणाऱ्यांस शिक्षणाची गरज असते. म्हणून अमेरिकेंत १८७० नंतरच्या काळांत मित्रसमाजाच्या पुष्कळ मंडळ्यांनीं पाळक ठेवण्यास आरंभ केला. तेव्हां आपण पाळक नकोत म्हणावें, असें माझें म्हणणें नाहीं. आपल्या विखुरलेल्या वाड्यांवर पाळक व उपदेशक पाहिजेतच. त्यांच्यापासून घ्यावयाचें तें एवढेंच कीं, काम मंडळीचें असतें, माणूस त्यावर मुदतीपुरता असतो.

४. आपल्याच मुलखांतील धडे

भोरकरांस वतन म्हणजे काय हें सांगावयास नको. शिवाजीमहाराजांच्या अष्टप्रधानांत सचिव हें एक पद होतें. तें कोणाच्या घराण्याचें वतन नव्हतें. पुढें शंकराजी नारायण यांच्या वंशांत तें परंपरेनें चालूं लागलें, आणि त्यांतूनच पंतसचिवांचें भोर संस्थान झालें. १९४८ सालीं तें विलीन झालें. राज्यांत असें होतें. मंडळींत होऊं नये. पाळकाच्या मुलास देवाचें पाचारण असेल तर आनंदच आहे. परंतु तो पाळकाचा मुलगा आहे, हें त्याचें पाचारण नव्हे.

दुसरा धडा नसरापूरचा. १८९३ सालीं चार्लस् रीव यांनीं पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन काढिलें, आणि भोर संस्थानांतील नसरापूर हें त्याचें ठाणें झालें. १९६८ सालीं हें मिशन दुसऱ्या एका मिशनाशीं एक होऊन त्याचें नांव पालटलें. १९८९ सालीं तें नांवहि एका मोठ्या संस्थेंत मिळून गेलें. पाटीवरचीं नांवें अशीं बदलतात. ज्या मंडळीची श्रद्धा पाटीवर टांगलेली असते, ती पाटी उतरतांच अनाथ होते.

तिसरा धडा आपल्याच जिल्ह्यांतील केडगांवचा. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत त्यांची कन्या मनोरमाबाई आईच्या हाताखालीं तयार झाल्या होत्या, आणि आईमागें त्याच काम पाहतील असें वाटत होतें. परंतु २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. त्या वेळीं रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, प्रकृतीनें थकलेल्या. त्यांनीं दुःख गिळून कामाची व्यवस्था लावली. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांस देवाज्ञा झाली, आणि लिसा हेस्टी या सहकारी बाईंनीं धुरा उचलली. काम थांबलें नाहीं. आजहि तें चालू आहे. ज्याच्यावर आपण दृष्टि ठेविली तोच पुढें राहील, असा भरंवसा कोणास आहे? म्हणून एकास नव्हे, अनेकांस तयार करावें. तीमथ्यास लिहितांना पौलानें हेंच सांगितलें आहे : ऐकलेलें विश्वासू माणसांच्या स्वाधीन कर, आणि तीं इतरांस शिकविण्यास योग्य असावींत.

५. एक स्वतःची चूक

हें लिहिणाऱ्याकडूनहि या बाबतींत चूक झाली आहे. माझी पहिली मंडळी मीं सात वर्षांनीं सोडली. हिशेब दिला, किल्ली दिली, निरोपाची प्रार्थना केली. मन मात्र दिलें नाहीं. पुढें दोन वर्षें त्या गांवचे लोक एस्‌टीनें माझ्याकडे येत. कोणाच्या सोयरिकीचा प्रश्न, कोणाच्या बांधाचा तंटा. मीं तो ऐकावा, निकाल द्यावा, आणि मनांत सुखावावें कीं लोक मला विसरले नाहींत. एके दिवशीं तेथील नवा पाळक आला. वयानें लहान, स्वभावानें मऊ. बराच वेळ तो कांहींच बोलला नाहीं. मग म्हणाला, "पाळकसाहेब, मंडळी माझ्या स्वाधीन झाली, पण मंडळीचे कान अजून तुमच्यापाशींच आहेत."

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. मीं प्रेम समजत होतों, ती चोरी होती. त्या दिवसापासून कोणी आलें तर मी चहा देतों, प्रार्थना करितों, आणि त्यांच्या पाळकाकडे परत पाठवितों. एक-दोघे रुसले; परंतु मंडळी सांवरली.

६. आपण काय करावें

पहिलें, जाणाऱ्यानें. बदलीची किंवा निवृत्तीची वाट न पाहतां आजच दोन माणसें निवडून त्यांस बरोबर न्यावें; एखादें वचन त्यांनीं समजावून द्यावें, एखाद्या आजाऱ्याकडे त्यांनींच जावें, आणि आपण मागें बसावें. बाप्तिस्मा, लग्न व मृत्यु यांचीं रजिस्टरें आणि वर्गणीची वही हीं घरच्या पेटींत न ठेवितां मंडळीच्या पेटींत ठेवावींत, व पैशांचा हिशेब दर तीन महिन्यांनीं वाचून दाखवावा. निरोपाच्या दिवशीं शमुवेलाप्रमाणें सर्वांसमोर विचारावें. आणि गेल्यावर निदान एक वर्ष त्या गांवच्या तंट्यांत पडूं नये.

दुसरें, येणाऱ्यानें. पहिल्या वर्षीं मोडण्यापेक्षां ऐकावें. आधींचा पाळक अमुक करीत नसे, असें वेदीवरून बोलूं नये. वृद्ध पाळक गांवींच राहात असेल तर त्याच्याकडे सल्ल्यास जावें. त्याचा मान राखल्यानें आपला मान कमी होत नाहीं.

तिसरें, मंडळीनें. नव्या माणसाची जुन्याशीं तुलना करूं नये. वडील, खजिनदार व शब्बाथशाळेचा कारभार पाहणारा यांच्या पदांस मुदत ठरवावी, आणि मुदत संपल्यावर आनंदानें बदल करावा. नांवें सुचवितांना बहिणींस वगळूं नये. आपल्या कित्येक वाड्यांवर प्रार्थना चालू आहे ती बहिणींमुळेंच. आणि मत घेण्यापूर्वीं पांच मिनिटें सर्वांनीं खरोखर गप्प बसून प्रार्थना करावी. एवढें जरी मित्रसमाजापासून शिकलों, तरी पुष्कळ भांडणें दाराबाहेर राहतील.

वाफा रिकामा झाला म्हणून कोणी शेतकरी रडत नाहीं. त्याची नजर खाचरांकडे असते.

विचारासाठीं प्रश्न

१. मोशेनें यहोशवास अधिकार केव्हां, कोणासमोर व किती दिला?
२. शमुवेलानें काम सोडतांना काय केलें, आणि काय सोडलें नाहीं?
३. क्वेकर सभेंत मतें न मोजतां निर्णय कसा होतो? त्यांत लाभ कोणते व धोके कोणते?
४. आपल्या मंडळीचीं रजिस्टरें, किल्ली व पैसे आज कोठें आहेत, हें किती जणांस ठाऊक आहे?
५. आपला पाळक किंवा उपदेशक उद्यां गेला, तर रविवारची उपासना कोण चालवील? तीं दोन नांवें मनांत आणा, आणि या आठवड्यांत रोज त्यांच्यासाठीं प्रार्थना करा.