गच्ची व ओटा यांवरील जलरोधक लेप
(लोणंद व आसपासच्या शेतकऱ्यांसाठी)

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाकाठी सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे पर्जन्यछायेत वसलेल्या लोणंद-फलटण भागाच्या वाट्यास त्याचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. यामुळे या भागात घर बांधताना गळतीचा विचार सर्वांत शेवटी होतो, व पुष्कळदा होतच नाही. पाऊसच थोडा, तर स्लॅब गळेल कशाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. येथील गच्चीस तडे जातात ते मुख्यतः उन्हाने. पाऊस ते तडे शोधून काढतो, इतकेच.

काँक्रीट तापले म्हणजे प्रसरण पावते आणि निवले म्हणजे आखडते. १० मीटर लांबीच्या स्लॅबच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर त्याची लांबी सुमारे ३ मिलिमीटरने कमीजास्त होते. चैत्र-वैशाखात दुपारी जिच्यावर पाऊल ठरत नाही, तीच गच्ची पहाटे पुष्कळ थंड झालेली असते. ही ओढाताण दररोज चालते. तिचा परिणाम प्रथम कठडा व स्लॅब यांच्या सांध्यात केसासारख्या भेगांच्या रूपाने दिसतो. मग परतीचा पाऊस येतो. १०० चौरस मीटर गच्चीवर एका सायंकाळी ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५,००० लिटर पाणी जमते. पन्हळीत पालापाचोळा अडकला असेल, तर हे पाणी रात्रभर त्या भेगांवर उभे राहते.

लोणंदची पेठ कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. हळवा व गरवा असा दोन्ही कांदा येथील बाजारात येतो, आणि ज्याच्या शेतात कांदा आहे त्याच्या घरात बहुधा कांद्याचे बीही असते. हे बी मुळातच अल्पायुषी. त्यास ओल लागली की उगवण झपाट्याने घटते. गळक्या स्लॅबखालच्या खोलीत बियाण्याचा डबा, युरियाच्या गोणी व वर्षाचे धान्य ठेवलेले असते, त्या घराचे नुकसान पाऊस थोडा पडला म्हणून थोडे होत नाही. याहून गंभीर बाब स्लॅबमधील सळईची. पाणी सळईपर्यंत पोहोचले म्हणजे ती गंजते, गंजाने फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते. ज्या स्लॅबच्या खालच्या बाजूस फुगवटे आले आहेत, तांबूस डाग उमटले आहेत किंवा सळई उघडी पडली आहे, तेथे वरून कोणताही लेप देऊन उपयोग नाही. अशा खोलीत झोपणे बंद करावे व जाणकार अभियंत्यास स्लॅब दाखवावा.

छपराचा लेप आणि पायाखालचा लेप यांत मोठा फरक आहे. ग्रामीण घराची गच्ची नुसती छप्पर नसते. तिच्यावर मिरची वाळते, खाटा पडतात, मुले खेळतात. ओटा तर दिवसभर तुडविला जातो. आळंदीहून निघालेली संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून लोणंद मुक्कामी येते, तेव्हा वारकरी घरोघरच्या ओट्यांवर व गच्च्यांवर उतरतात. हा काळ नेमका पावसाच्या आरंभाचा. भिजलेल्या, घोटून गुळगुळीत केलेल्या ओट्यावरून वयस्क माणूस घसरला, तर पाणी अडविणारा लेप इजेस कारण झाला असे होईल. सबब पायाखालच्या लेपाने पाणी अडविले पाहिजे, झीज सोसली पाहिजे आणि पाऊलही धरले पाहिजे.

पूर्वीचे गवंडी हे काम चुन्याने करीत. विटांचे तुकडे, चुना व सुरखी यांचा कोबा पसरून तो लाकडी थापीने कित्येक दिवस ठोकीत व त्यावर गूळ आणि उकडलेल्या बेलफळाचे पाणी शिंपीत. या पद्धतीस भारतीय मानक संस्थेच्या चुन्याच्या कोब्याविषयीच्या आय. एस. ३०३६ या संहितेतही स्थान मिळालेले आहे. पुढे सिमेंटमध्ये विटांचे तुकडे बसविण्याची रीत आली. ती आजही चांगली आहे. मात्र तिचे वजन विसरले जाते. १० सेंटिमीटर जाडीचा कोबा दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार टाकतो. जुना कोबा गळू लागला म्हणून त्यावर दुसरा आणि पुढे तिसरा चढविण्याची जी चाल पडली आहे, ती धोक्याची आहे. एकंदर लेपाचे पातळ थर लोकप्रिय झाले, ते या दृष्टीने इष्टच होय.

लेप देण्यापूर्वीची तयारी

लेप निकामी होण्याची कारणे बहुधा डब्यात नसतात, डबा उघडण्यापूर्वीच्या कामात असतात. प्रथम पाणसळ लावून उतार पाहावा. दर मीटरला निदान १ सेंटिमीटर उतार पन्हळीकडे असावा. पन्हळ ४ इंचांहून लहान नसावी व मोठ्या गच्चीस एकाच पन्हळीवर भिस्त ठेवू नये. जेथे पाणी साचते तेथे आधी सिमेंट-वाळूच्या मिश्रणाने उतार करून घ्यावा. हे न करता नुसता लेप मारणे म्हणजे तळ्यास रंग देणे होय.

त्यानंतर शेवाळ, जुन्या चुन्याचे पोपडे व सुटा गिलावा तारेच्या ब्रशाने खरवडून काढावा आणि सर्व भाग धुवावा. भेग दिसते तशीच लेपाखाली झाकू नये. छिन्नीने ती सुमारे १ सेंटिमीटर रुंद खाचेच्या आकाराची करावी, धूळ झाडावी व पॉलिमरयुक्त सिमेंटच्या मिश्रणाने भरावी. ऊन-थंडीने जी भेग सतत उघडते व मिटते, तीत मात्र कडक मिश्रण टिकत नाही. तेथे लवचिक भरण वापरावे. कठडा व गच्ची यांच्या काटकोनी सांध्यात गोलसर वाटा मारून घ्यावा. सर्वाधिक गळती याच सांध्यातून व पन्हळीच्या तोंडाशी होते, आणि गवंडी घाईत असला म्हणजे याच दोन जागा राहून जातात.

लेपाची निवड व काम

पॉलिमरयुक्त सिमेंटचा लेप द्रव व पूड अशा दोन भागांत मिळतो. द्रवात पूड थोडी थोडी घालून ढवळावी. डब्यावरील प्रमाणात अंदाजाने पाणी वाढवू नये. मिश्रण पातळ झाले म्हणजे काम भराभर उरकते आणि लेप तितक्याच लवकर उडतो. या लेपास पृष्ठभाग ओलसर हवा, परंतु त्यावर पाणी उभे नको. याउलट पॉलियुरेथेनच्या लेपास पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागतो. नाहीतर आतील वाफेने फोड येतात. कोरडेपणा ओळखण्यास सोपी युक्ती अशी : दोन फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याखाली दव दिसले, तर आणखी थांबावे. एका जातीच्या लेपाचा नियम दुसऱ्यास लावल्याने फुकट गेलेली कामे पुष्कळ आहेत.

डांबराचा लेप स्वस्त पडतो. तथापि उघड्या उन्हात तो मऊ होऊन पायास चिकटतो व कालांतराने कडक होऊन फुटतो. म्हणून त्यावर आच्छादन अवश्य हवे. पांढऱ्या ॲक्रिलिक लेपाने स्लॅब कमी तापतो व भेगांचे मूळ कारण कमी होते, हा त्याचा मोठा गुण आहे. साचलेले पाणी व सततची वर्दळ मात्र त्यास सोसत नाही.

कोणताही लेप किमान दोन हातांत द्यावा व दुसरा हात पहिल्यास आडवा फिरवावा. सांधे व भरलेल्या भेगा यांवर पहिला हात ओला असतानाच फायबरची जाळी दाबून बसवावी. लेप कठड्यावर निदान १५ सेंटिमीटर चढवावा. तो सुकल्यावर पन्हळी बंद करून २४ ते ४८ तास थोडे पाणी साठवावे व खालून छत पाहावे. ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो भार, हे ध्यानात घेऊन कमकुवत स्लॅबवर ही परीक्षा करू नये.

वर्दळीच्या जागी सिमेंटच्या लेपावर २० ते २५ मिलिमीटर जाडीचा, एकास चार प्रमाणाचा सिमेंट-वाळूचा थर द्यावा, दोरीने त्याचे चौकोन पाडावेत, झाडूचा हात फिरवून तो खरबरीत ठेवावा व सात दिवस पाणी मारावे. पॉलियुरेथेनचा लेप उघडा ठेवावयाचा असल्यास तो ऊन सोसणाऱ्या जातीचा घ्यावा व शेवटचा हात ओला असताना त्यावर धुतलेली, सुकी, चाळलेली वाळू पेरावी. लोखंडी खाटेच्या पायांखाली फळी द्यावी. मिरची व धान्य लेपावर थेट न पसरता ताडपत्रीवर वाळवावे.

मातीच्या धाब्याच्या घरांस हे लेप लागू नाहीत. पांढरी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आखडते; तिच्यावर सिमेंटचा कडक पापुद्रा टिकत नाही व त्याखाली मुरलेली ओल लाकडास कुजविते. तेथे दरवर्षी पांढरी माती टाकण्याची जुनी रीतच चालू ठेवणे योग्य.

या भागात कामास उत्तम काळ माघ-फाल्गुनाचा. पुढे उन्हाळी कांद्याच्या काढणीत माणसे मिळत नाहीत, वाऱ्याने ओल्या लेपावर धूळ बसते आणि वळीव एका सरीत ताजा लेप धुऊन नेतो. चैत्रात काम करणे भागच पडले, तर ते सूर्योदयापूर्वी सुरू करून ऊन चढण्याच्या आत थांबवावे. गच्चीचे पाणी टाकीत घेऊन पिण्यास वापरावयाचे असेल, तर डांबर टाळावे, पिण्याच्या पाण्यास योग्य असे स्पष्ट नमूद केलेलाच लेप घ्यावा आणि पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी टाकीत न सोडता परसात जाऊ द्यावे.