कर्नाळ्याची सोपी वाट
(प्राथमिक शाळांच्या वनसहलीविषयी)

पहिले सत्र संपत आले की शाळाशाळांतून सहलीचे बेत सुरू होतात. पनवेल, उरण, पेण व खालापूर या तालुक्यांतील शाळांना कर्नाळा हे स्थळ जवळचे व कमी खर्चाचे. त्यामुळे बहुतेकांची पहिली पसंती त्यालाच मिळते. गाडी फाटकाशी थांबते, मुले रांगेने उतरतात आणि शिक्षकांच्या शिट्टीबरोबर तडक किल्ल्याची चढण धरतात. दीडएक तासाने निम्मी मुले घामाघूम होऊन वर पोहोचतात, निम्मी वाटेतल्या दगडांवर बसून राहतात. वर छायाचित्र निघते, खाली डबे सुटतात, आणि दिवस मावळण्यापूर्वी सर्व मंडळी सुखरूप घरी येतात. दुसऱ्या दिवशी ‘आमची सहल’ हा निबंध लिहावयास दिला असता वह्यांतून किल्ला येतो, माकड येते, गाडीतील गाणी येतात. ज्या अरण्यातून मुले जाताना व येताना चालली, ते मात्र त्यांच्या वह्यांत येत नाही. याचा दोष मुलांकडे जात नाही. अरण्य ही किल्ल्याकडे जाण्याची वाट आहे असेच त्यांना त्या दिवशी शिकविले गेलेले असते.

कर्नाळा हे मुंबई-गोवा महामार्गालगत, पनवेलच्या दक्षिणेस सुमारे बारा किलोमीटरवर आहे. १९६८ साली येथे पक्षी अभयारण्य स्थापन झाले. अशा प्रकारचे हे महाराष्ट्रातील पहिले. क्षेत्र सुमारे बारा चौरस किलोमीटर, म्हणजे अरण्याच्या मानाने लहानच. परंतु दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद येथे झालेली आहे. पावसाळ्याच्या प्रारंभी येणारा व ओढ्याच्या मातीच्या काठात बीळ कोरून घरटे करणारा तिबोटी खंड्या हाही त्यांतलाच. अंगठा वर करावा तसा दिसणारा किल्ल्याचा सुळका दुरूनच ओळखू येतो. त्याच्या पायथ्याच्या रानात फिरण्यासाठी वनखात्याने निसर्गवाटा आखल्या आहेत. मोरटाका ही त्यांतील लांबची, थोड्या मोठ्या मुलांच्या पायांची. हरियाल ही जवळची. तिला ज्याचे नाव दिले आहे तो हरियाल पक्षी आपल्या राज्याचा राज्यपक्षी होय. तो हिरवा-पिवळा पारवा उंबर-वडाच्या फळांवर राहतो व जमिनीवर क्वचितच उतरतो. पहिली ते पाचवीच्या मुलांची सहल या जवळच्या वाटेवरच करावी, असे अनुभवान्ती सुचवावेसे वाटते.

किल्ला टाळला तर इतिहास बुडेल, अशी शंका काही शिक्षक घेतात. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी जे तेवीस किल्ले मोगलांना दिले त्यांत कर्नाळा होता. १८१८ साली तो इंग्रजांच्या हाती गेला. पनवेलहून येताना महामार्गावर लागणारे शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव, आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. एवढा इतिहास गाडी शिरढोणवरून जात असताना सुळक्याकडे बोट दाखवून सांगितला तर तो मुलांच्या अधिक ध्यानात राहतो. चढणीवर दम लागलेल्या मुलास सनावळ्या ऐकू येत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सुळक्याच्या कातळावर आग्यामाश्यांची मोठी मोहोळे असतात. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा किंवा कोणी भिरकावलेला एखादा दगड एवढ्यानेही त्या उठतात. चाळीस लहान मुले व दोन शिक्षक अरुंद कड्यावर असताना माश्या उठल्या तर काय करावयाचे, याचे समाधानकारक उत्तर कोणापाशी नाही. खालच्या वाटेवरही मुलांना एवढे सांगून ठेवावे की, माशी अंगाशी आली तर हात झाडू नये. अनेक उठल्या तर डोके व तोंड कापडाने झाकून, आल्या वाटेने न थांबता दूर निघून जावे.

सहल कोणत्या महिन्यात न्यावी याविषयी मात्र जरा सविस्तर लिहिणे अवश्य आहे, कारण येथे बहुतेकांची चूक होते. माघ-फाल्गुनात काटेसावर, पळस व पांगारा फुलतात, त्यांच्या मधावर पक्ष्यांची झुंबड उडते, झाडोरा विरळ झाल्यामुळे पक्षी चटकन दिसतात; म्हणून जानेवारी-फेब्रुवारीचा काळ उत्तम, असे सर्वत्र सांगितले जाते. पक्ष्यांच्या दृष्टीने ते खरे आहे. परंतु हजेरीपट उघडून पाहावा. आपल्या भागातील अनेक शाळांत कातकरी वाडीतील मुले असतात. दिवाळीनंतर त्यांचे आईबाप वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या कामावर दूर निघून जातात व मुलेही त्यांच्याबरोबर जातात. पावसाच्या तोंडावर ती परततात. फेब्रुवारीत सहल नेली तर ज्यांना रानाची सर्वांत अधिक ओळख आहे तीच मुले सहलीत नसतात. ज्या समाजाचे नावच खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या जुन्या व्यवसायावरून पडले आहे, त्या समाजातील मुलांना वगळून अरण्याचा पाठ घेणे हे मोठेच नुकसान आहे, आणि ते इतर मुलांचेही आहे. म्हणून पाऊस उघडल्यावर, दिवाळीच्या सुटीपूर्वी, आश्विनात ही सहल करावी. त्या वेळी रान दाट असते व पक्षी पानांआड लपतात हे खरे. पण त्याची भरपाई करणारे पुष्कळ काही वाटेवर असते.

एका द्विशिक्षकी शाळेने अशी सहल केली, तिचा वृत्तान्त येथे देण्याजोगा आहे. शाळेतील एक शिक्षक आधीच्या रविवारी एकटेच जाऊन वाट चालून आले. मुळ्या व दगड कोठे आहेत, बसावयास सपाट जागा कोठे, ओढ्याचे पाणी किती, हे त्यांनी पाहून ठेवले. यामागे एक कारण होते. तिसरीतील एका मुलीस चालताना कुबडी लागत असे, आणि मागील दोन्ही सहलींच्या वेळी ती घरी राहिली होती. वाट तिला जमेल, दोन ठिकाणी हात द्यावा लागेल, असा अंदाज घेऊन ते परतले. त्यांनी वनखात्याच्या कर्मचाऱ्यांस मुलांची संख्या व येण्याची वेळ कळवून ठेवली. आदल्या दिवशी मुलांना तीनच नियम सांगितले : गडद किंवा मातकट रंगाचे कपडे घालावेत, शिदोरी फडक्यात किंवा डब्यात आणावी, प्लॅस्टिकची पिशवी आणू नये.

गाडी फाटकाच्याच बाजूस उभी करण्याविषयी त्यांनी चालकास बजावले. महामार्गावरील वाहतूक पाहता ही दक्षता प्रत्येक शाळेने घ्यावी.

पहिला पाठ फाटकापासूनच सुरू झाला. रस्त्याचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत किती पावले पडतात, हे प्रत्येकाने मनात मोजावयाचे. चौथीच्या मुलांचा आकडा एक, दुसरीच्यांचा दुसराच! त्यावरून वाद झाला. लहान मुलांची पावले लहान, हे एक कारण निघाले; पण काही मुलांना आवाज अधिक वेळ ऐकू येत राहिला, हेही खरे होते. गणिताच्या तासास पुरेल एवढी सामग्री पहिल्या दहा मिनिटांतच मिळाली.

पुढे वाटेवर आडवे पसरलेले एक मोठे जाळे लागले. पावसाळ्याच्या शेवटी रानात असे कोळी हटकून दिसतात. धागे उन्हात पिवळसर सोनेरी चमकतात, मधोमध तळहाताएवढी मादी बसलेली असते व तिच्याजवळ नखाएवढा नर. मुलांना ते पिल्लू वाटले. शिक्षकांनी लगेच उत्तर दिले नाही, पाच मिनिटे नुसते पाहू दिले. मग सर्वजण वाकून जाळ्याखालून गेले. जाळे कोणी मोडले नाही.

ओढ्याजवळच्या सपाट जागी सर्वांना दहा मिनिटे गप्प बसविण्यात आले. वेळ राखण्याचे काम कुबडीवाल्या मुलीकडे होते, आणि तिने ते कडकपणे केले. खुद्द गुरुजी खाकरले तेव्हा तिने त्यांच्याकडे रोखून पाहिले. ज्या मुलास नवा आवाज ऐकू येईल त्याने एक बोट मिटावयाचे. काहींची पाच बोटे मिटली, काहींची आठ. येथे एक गंमत नमूद करावीशी वाटते. शेपटीस दोन लांब तारा असलेला भृंगराज इतर पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो. तेव्हा आठ बोटे मिटविणाऱ्याने कदाचित एकच पक्षी पुनःपुन्हा मोजला असेल! ही गोष्ट मुलांना नंतर सांगितली असता ती फार हसली. एक आवाज मात्र, ओढ्याच्या पलीकडून थांबून थांबून येणारा, कोणासच ओळखता आला नाही, शिक्षकांनाही नाही.

परतीच्या वाटेवर मुख्य प्रसंग घडला. शिक्षकांनी एका उंच झाडाकडे बोट करून ‘हा ऐन’ असे सांगितले व मुलांनी तसे वहीत लिहिले. मागे उभ्या असलेल्या चौथीतील एका कातकरी मुलाने हळूच म्हटले, “ऐन नाय, किंजळ हाय.” हा मुलगा वाचनात दोन इयत्ता मागे असे, वर्गात प्रश्न विचारला तर खाली पाहत असे, आणि त्याच्याविषयी शाळेचे मत काय होते ते सांगावयास नको. शिक्षक क्षणभर थांबले. आपण चुकलो हे मान्य करण्यास कोणासही क्षणभर लागतोच. मग त्यांनी त्यास पुढे बोलावून “कशावरून?” असे विचारले. त्याने आधी खोडावर हात फिरविला, मग वर शेंड्याकडे दाखविले. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तुकड्यांत भेगाळलेली असते. हिची तशी नव्हती. शेंड्यावर तांबूस-तपकिरी झुबके लगडले होते. किंजळ त्या दिवसांत असाच तांबूस दिसतो व त्याची पंखांची फळे लहान असतात. ऐनाचे फळ मोठे, पाच पंखांचे. मुलाने हे एवढ्या शब्दांत सांगितले नाही. त्याने जवळच दुसरे झाड हुडकून त्याच्या सालीवर थाप मारली व “ह्यो ऐन” म्हटले. दोन्ही झाडे शास्त्रीय दृष्ट्या एकाच कुळातील, जवळच्या नात्याची आहेत, तेव्हा गफलत होणे स्वाभाविक होते. बरोबर आलेल्या वनरक्षकांनी मुलाचे म्हणणे बरोबर असल्याचे सांगितले. शिक्षकांनी सर्वांना वह्या उघडावयास लावून ‘ऐन’ खोडविले व ‘किंजळ’ लिहविले. पुढच्या अर्ध्या वाटेवर शिक्षक प्रश्न विचारीत होते व तो मुलगा सांगत होता. ज्या दोन झाडांची नावे त्यासही आली नाहीत, त्यांविषयी त्याने “आजीस ठावं असंल” असे उत्तर दिले.

पाने गोळा करण्याची जुनी पद्धत अभयारण्यात चालणार नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार हे क्षेत्र संरक्षित आहे. तेथून पान, फूल, पीस किंवा दगड, काहीही उचलून आणू नये, मग ते खाली पडलेले का असेना. पानांचे चिकटवही-संग्रह हा आपल्या शाळांचा आवडता उपक्रम, त्यामुळे हा नियम काहींना जाचक वाटेल. त्या शाळेने त्यावर साधी युक्ती केली. जमिनीवर पडलेले पान वहीच्या कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल आडवी घासली की शिरांसह त्याचा ठसा उमटतो. ठसा घ्यावा व पान होते तेथेच ठेवावे. सागाचे कोवळे पान चोळले असता बोटे लाल होतात, हा प्रयोग मुलांना फार आवडतो. तो आपल्या गावच्या खाजगी सागावर, मालकास विचारून करावा.

दुसऱ्या दिवशी शाळेत निबंध लिहवून न घेता तक्ता करण्यात आला. झाडाचे किंवा प्राण्याचे नाव, वाडीतील नाव वेगळे असल्यास ते, कोठे दिसले, आणि शेवटचा रकाना : सांगणाऱ्याचे नाव. कातकरी बोलीतील नावे मुलाने उच्चारली तशीच लिहिली. ती ‘शुद्ध’ करण्याचा मोह शिक्षकांनी आवरला. आजीस विचारून आणलेली दोन नावेही तक्त्यात आली, व त्यांच्यापुढे सांगणारी म्हणून आजीचे नाव लागले. ओढ्यापलीकडच्या आवाजासाठी एक ओळ कोरी ठेवण्यात आली.

दिवाळीनंतर तो मुलगा आईबापांबरोबर भट्टीवर गेला. तक्ता भिंतीवरच राहिला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो आठवडाभर उशिरा आला. किंजळापुढचे आपले नाव त्याने अक्षर अक्षर लावून वाचले; मग कोऱ्या ओळीवर बोट ठेवून, इथे कोणाचे नाव लिहावयाचे राहिले, असे गुरुजींस विचारले.