पहिला डीएसएलआर : भूगावातले अनुभवाचे बोल

दसरा-दिवाळी जवळ आली की पुण्याजवळच्या आमच्या भूगावात ओळखीतल्या कुणाच्या तरी पोराला कॅमेरा घ्यायचा असतो. ‘काका, कॅनन घेऊ की निकॉन?’ हा प्रश्न ठरलेला. मी उलट विचारतो, ‘फोटो कसले काढणार?’ उत्तर येतं, ‘सगळ्याचे.’ नवशिक्याच्या बजेटमध्ये सगळ्याला पुरून उरणारा कॅमेरा मिळत नाही. म्हणून माझं मत असं, की सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल एवढ्या टापूत फोटो काढण्यासारखं काय आहे, ते आधी बघावं. आमच्याकडे मानस तलाव आहे, कुस्तीचे फड आहेत आणि पौड रस्त्याने पुढे गेलं की मुळशी धरण आणि ताम्हिणी घाट. पुढचं सगळं याच हिशेबाने सांगतो.

१. मोबाइलला जमतं त्यासाठी पैसे घालू नका.
हिरवा डोंगर, ढग, जेवणाचं ताट, घरातला गणपती हे हल्लीचा बरा मोबाइल छान टिपतो. डीएसएलआरचा खरा उपयोग तीन ठिकाणी होतो: लांबची वस्तू, वेगाने हलणारी वस्तू आणि कमी उजेड. तुमच्या आवडीत या तिन्हींपैकी एकही नसेल तर ते पैसे फिरण्यावर खर्च करा. फोटो जास्त चांगले येतील.

२. अर्धे पैसे लेन्ससाठी राखून ठेवा.
आमच्या मुळशी तालुक्यात कुस्तीचं वेड जुनं. २०१७च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भूगावातच भरली होती आणि अभिजित कटकेने किरण भगतला हरवून गदा मिळवली होती. त्यामुळे इथल्या पोराला फडाचे फोटो हवेच असतात, आणि किट लेन्सची परीक्षा तिथेच होते. सोबत मिळणारी १८-५५ लेन्स पुढे ५५ला नेली की तिचं छिद्र एफ/५.६च्या वर उघडत नाही. संध्याकाळच्या दिव्यांखाली पैलवानाचा डाव गोठवायला शटर निदान १/५०० सेकंद लागतं. मग आयएसओ ६४००च्या घरात जातो आणि फोटोत वाळू पसरल्यासारखे दाणे दिसतात. त्याच जागी ५० एमएम एफ/१.८ लेन्स लावली तर सुमारे दहापट उजेड आत येतो. तोच फोटो साधारण ६४० आयएसओवर निघतो. ही लेन्स झूम होत नाही, पायांनी पुढेमागे व्हावं लागतं, पण सात-आठ मीटरांवरून दोन पैलवान चौकटीत नीट मावतात. छिद्र पूर्ण उघडलं की एकाचा चेहरा स्पष्ट आणि दुसऱ्याचा धूसर येऊ शकतो, तेव्हा एफ/२.२ किंवा २.८वर आणायचं.

दुकानदार सांगेल की लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे, काळजी नको. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं. पैलवान त्याने थांबत नाही.

भारी बॉडी आणि किट लेन्स, की साधी बॉडी आणि चांगली लेन्स, असा पेच पडला तर दुसरी निवड डोळे मिटून करा. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स पुढच्या कॅमेऱ्यालाही चालते.

३. पक्ष्यांचा नाद असेल तर ५५-२५० किंवा ७०-३०० आधी घ्या.
तलावाकाठचा खंड्या, दगडावर ध्यान लावून बसलेला वंचक, पावसात ताम्हिणीत शीळ घालणारा शीळकरी कस्तूर, यातलं कुणीही तुम्हाला जवळ येऊ देत नाही. परवडणाऱ्या डीएसएलआरमध्ये सेन्सर लहान असतो, आणि इथे तो फायद्याचा ठरतो. कॅननमध्ये २५० एमएमची लेन्स फुल फ्रेमवरच्या ४०० एमएमइतकं जवळचं दाखवते. ‘फुल फ्रेमच घे’ म्हणणाऱ्या मित्राला हे सांगा.

४. मेगापिक्सेल मोजत बसू नका.
२४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके. इंचाला तीनशे ठिपके धरले तरी २० बाय १३ इंची प्रिंट निघते. तेवढी मोठी प्रिंट तुम्ही शेवटची कधी काढली होती?

५. ‘डीएसएलआर संपला’ हे खरं आहे, आणि घेणाऱ्याच्या सोयीचंही.
दोन्ही मोठ्या कंपन्या आता आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांच्या मागे आहेत. कॅननने २०२१च्या अखेरीस स्पष्ट केलं की १डी एक्स मार्क ३ हा त्यांचा शेवटचा सर्वोच्च दर्जाचा डीएसएलआर. निकॉनचा डी३५००, नवशिक्यांचा लाडका, २०१८ साली आला आणि पुढे बंद झाला. त्यामुळे बाजारात चांगल्या अवस्थेतले जुने डीएसएलआर भरपूर आहेत आणि भावही उतरलेत. शिकायला ते उत्तम. आरशातून डोळ्याला खरा उजेड दिसतो, बॅटरी पुरून उरते. डी३५००ची बॅटरी कंपनीच्या मोजणीनुसार एका चार्जमध्ये १५५० फोटो काढते, स्वस्तातल्या मिररलेसला तीन-चारशेवर दमायला होतं. मिररलेसमध्ये मात्र फोटो काढण्याआधीच उजेड कमी की जास्त हे दिसतं, डोळ्यावर फोकस आपोआप बसतो आणि व्हिडिओ सरस. व्हिडिओच मुख्य असेल तर डीएसएलआरच्या वाटेला जाऊ नका. उद्या मिररलेसवर गेलात तरी कॅननच्या ईएफ लेन्सा अ‍ॅडॉप्टर लावून चालतात, म्हणजे लेन्सचे पैसे बुडत नाहीत.

६. वापरलेला कॅमेरा दिवसाउजेडी बघा.
एफ/१६वर कोऱ्या आकाशाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते. लेन्स काढून तिच्यात मोबाइलची टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत द्या. शटर किती वेळा उडालंय ते विचारा. डी३५००चं शटर एक लाखाच्या हिशेबाने बनवलेलं आहे. बॅटरी फुगलेली नाही ना, कार्डाच्या खोबणीतल्या पिना वाकलेल्या नाहीत ना, हेही बघा. घरात काकांची जुनी निकॉन लेन्स पडून असेल तर तीही खिशात घालून न्या. डी३५०० आणि डी५६००मध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सा त्यांवर हातानेच फोकस कराव्या लागतात.

७. ब्रँडच्या भांडणात मित्राचा कॅमेरा जिंकू द्या.
चुलतभावाकडे कॅनन असेल तर कॅनन घ्या, मित्राकडे निकॉन असेल तर निकॉन. लेन्स, फ्लॅश, चार्जर उसने मिळतात. फोटोत कुठला कॅमेरा वापरला हे ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. दोन्ही हातात धरून मात्र बघा. ज्याची बटणं न बघता बोटाला सापडतात, तो तुमचा.

८. मुळशीत राहायचं तर पावसाचं बजेट वेगळं.
हा मुद्दा पुण्याच्या पेठांतल्या माणसाला गौण वाटेल, आम्हाला नाही. स्वस्त डीएसएलआरमध्ये पाणी अडवणारी सीलं नसतात. ताम्हिणीचा पाऊस आडवा येतो, धबधब्याजवळ तर खालूनही. प्लास्टिकच्या पिशवीला भोक पाडून लेन्सच्या हुडाला रबरबँडने बांधली की काम चालतं. गाडीचा एसी घाटात पोचायच्या बराच आधी बंद करा, नाहीतर थंड काच बाहेर काढताक्षणी धुकटते. लेन्स पावसात उघड्यावर बदलू नका.

घरी आल्यावरची काळजी जास्त महत्त्वाची. जून ते सप्टेंबर आमच्या कपाटांत चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, मग लेन्स कशी वाचेल? कॅमेरा बॅगेत बंद करून माळ्यावर ठेवणं सगळ्यात वाईट. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक, बस. काटा ४० ते ५०च्या मध्ये राहिला पाहिजे. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा निळं करता येतं, पण ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. आणि कॅमेरा आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढा, उजेड आणि हवा बुरशीला सोसत नाही.

९. फुकटचा ट्रायपॉड फुकटच असतो.
कॅमेऱ्यासोबत मिळणारा लुळा ट्रायपॉड वाऱ्यात हलतो. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ला पाडला आणि नवे उड्डाणपूल झाले, तेव्हापासून तिथल्या दिव्यांच्या रेघा टिपायला पोरं रात्री उभी असतात. दहा-पंधरा सेकंदांचा फोटो लुळ्या पायांवर निघत नाही. ट्रायपॉड वर्षभराने घ्या, पण दणकट घ्या.

१०. पहिला महिना घरातच.
दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी घरच्या घरी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. तुम्हीही घरातूनच सुरुवात करा. एक लेन्स, एक खिडकी आणि घरातली माणसं एवढ्यावर छिद्र, शटर आणि आयएसओ यांचं नातं हाताला बसतं. ऑटो मोड सोडून ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर सुरुवात करा, ‘मॅन्युअल’ची घाई नको.

११. आणि पक्कं बिल घ्या.
दुकान पुण्यातल्या बुधवार पेठेतलं असो की मुंबईच्या बोरा बाजारातलं, बिलाशिवाय दोन-तीन हजार कमी सांगितले तर नको म्हणा. कॅमेरा आणि लेन्स दोन्हींचे सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या, वॉरंटी भारतातली आहे का ते विचारा, आणि दुकानातून निघण्यापूर्वी तिथेच चार फोटो काढून आपल्या कार्डावर घ्या.