शेणकिडा आणि सूर्यदेव

मंडळी, शेणकिडा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो शेणाची गोळी करतो आणि मागच्या पायांनी ढकलीत नेतो. आपण त्याच्याकडे फारसे पाहत नाही. पण एका देशात लोकांनी त्याला देवाचे रूप मानले. तो देश म्हणजे इजिप्त. त्याला मिसर असेही म्हणतात. त्याचीच हकिकत आम्ही या धड्यात सांगणार आहोत.

इजिप्त आफ्रिका खंडात आहे. तेथे पाऊस फार थोडा. दोन्ही बाजूंना वाळवंट आणि मधून नाईल नदी वाहते. सूर्य मात्र रोज तळपतो. जुन्या काळी तेथील लोकांचा एक मोठा देव सूर्य होता. त्याचे नाव 'रा'.

आता सूर्यदेवाचे रूप दाखवायचे कसे? त्या लोकांनी भोवतालचे पशुपक्षी नीट न्याहाळले. ससाणा आकाशात उंच उडतो. म्हणून त्यांनी 'रा' देवाला धड माणसाचे दिले आणि तोंड ससाण्याचे. डोक्यावर सूर्याचा गोल ठेवला. बबून जातीची माकडे सकाळी ओरडतात. लोकांना वाटले, ती सूर्याचे स्वागतच करतात!

अबू सिंबेल येथे डोंगरात कोरलेले एक देऊळ आहे. दुसऱ्या रामसेस राजाने ते सुमारे ३,२५० वर्षांपूर्वी करविले. त्याचे तोंड पूर्वेला आहे. दारावर ससाण्याच्या तोंडाचा सूर्यदेव उभा आहे. अगदी वर माकडांची रांग आहे. ती हात वर करून उगवतीकडे पाहत आहेत.

आणि शेणकिडा? तो गोळी ढकलतो, तसाच कोणी तरी सूर्याचा गोळा आकाशातून ढकलीत असेल, असे लोकांना वाटले. शेणकिड्याची मादी जमिनीत पुरलेल्या गोळीत अंडे घालते. पण लोकांना अंडे दिसत नसे. मातीतून नवा किडा निघालेला तेवढा दिसे. सूर्यही मावळतो आणि पुन्हा नवा उगवतो. म्हणून सकाळच्या सूर्याला त्यांनी शेणकिड्याचे रूप दिले. त्या देवाचे नाव खेपरी. कर्नाकच्या देवळात तळ्याकाठी दगडाचा मोठा शेणकिडा आजही आहे.

मेलेल्या माणसाच्या छातीवरही दगडी शेणकिडा ठेवीत. मेल्यावर देवापुढे आपले काळीज तराजूत तोलले जाते, अशी त्यांची समजूत होती. म्हणून किड्याच्या पोटाखाली अक्षरे कोरीत. 'काळजा, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस', अशा अर्थाची ती विनवणी असे.

पुढे जुना धर्म मागे पडला. त्याची चित्रलिपीही मागे पडली. तिचा शेवटचा माहीत असलेला लेख सन ३९४ चा आहे. नंतर सुमारे १,४०० वर्षे ती कोणालाच वाचता येईना. चित्रे डोळ्यांना दिसत, पण त्यांचे बोलणे कळत नसे. सन १८२२ मध्ये शांपोलियाँ नावाच्या फ्रेंच पंडिताने ती लिपी उलगडली. तेव्हा कळले, शेणकिडा हे त्या लिपीतले एक अक्षरचिन्हही आहे! त्याचा अर्थ 'होणे', 'घडणे'.

पाहा बरं! किड्याची पाठ कोणालाही दिसत होती. पण त्याच्या पोटाखाली एका माणसाची भीती आणि आशा लिहिलेली होती. ती कळायला वाचणारा माणूसच यावा लागला.

प्रश्न : १. 'रा' देवाला ससाण्याचे तोंड का दिले? २. दगडी शेणकिड्याच्या पोटाखाली काय कोरीत?