बुलेट ट्रेन ढाणकीला का थांबणार नाही

रेल्वेच्या रूळखात्यातून निवृत्त झालेले काका आणि पुण्याला शिकणारी, सुट्टीत उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीला आलेली त्यांची पुतणी.

पुतणी : काका, मुंबई-नागपूर बुलेट ट्रेन झालीच, तर आपल्याला काय फायदा?

काका : फारसा नाही. तिचा विचार झाला तो समृद्धी महामार्गाच्या कडेने. तो आपल्यापासून कुठल्या कुठे उत्तरेला. आणि अगदी शिवारातून गेली तरी थांबायची नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचंच बघ : मार्ग ५०८ किलोमीटरचा, स्थानकं १२. ताशी ३२० किलोमीटरची गाडी गावोगावी थांबवली, तर वेग धरते न धरते तोच ब्रेक.

पुतणी : मग आहेत त्याच रुळांवर पळवा की. जमीन तरी वाचेल.

काका : वळणं कुठे नेशील? त्या वेगाला वळणाची त्रिज्या चार किलोमीटरच्या आसपास लागते. म्हणजे आखणी जवळजवळ सरळ. मधे कुणाची हळद येवो, कुणाची विहीर. शिवाय फाटक नको, गुरं नकोत, पुढे रखडलेली मालगाडी नको. रुळांतलं अंतरही वेगळं : आपलं १६७६ मिलिमीटर, बुलेट ट्रेनचं १४३५. हिमायतनगरवरून जाणारी आपली नंदीग्राम एक्सप्रेस त्यावर चढूच शकत नाही.

पुतणी : म्हणून मुंबई-अहमदाबादचं सगळं खांबांवर?

काका : बराचसा मार्ग. आणि ते काम बघण्यासारखं आहे बरं का! ४० मीटरचा एक गर्डर, वजन ९७० टन. तो यार्डात ओततात, मग तयार झालेल्या पुलावरूनच अनेक चाकांच्या अवाढव्य गाडीने पुढे नेतात आणि पुढच्या दोन खांबांवर ठेवतात. लगेच त्याच्यावरून त्याच्या पुढचा. खालच्या शेतात क्रेन उभी करायला नको. मुंबईच्या टोकाला मात्र २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला ७ ठाण्याच्या खाडीखालून.

पुतणी : त्याचं भूमिपूजन तर २०१७ ला झालं ना? मग एवढा उशीर का?

काका : जपानचं कर्ज ०.१ टक्का व्याजाने मिळालं. जमीन तशी मिळाली नाही! पालघरकडे मोजणीलाच विरोध झाला. सातबारावर चार भावांची नावं, त्यातला एक सुरतला. सह्या जमवता जमवता वर्ष जायचं.

पुतणी : म्हणजे हा नुसता श्रीमंतांचा खेळ?

काका : तसंही नाही. जपानने १९६४ ला टोकियो-ओसाका मार्ग सुरू केला, कारण जुनी लाइन गर्दीने तुंबली होती. प्रवासी तिकडे गेले, जुन्या रुळांवर मालगाड्यांना वाव मिळाला. जिथे अशी गर्दी आहे तिथे बांधा. आपली अडचण गर्दीची नाही, रूळच नसल्याची आहे.

पुतणी : मग आपण मागायचं काय?

काका : वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग. वर्धा ते कळंब गाडी २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली. पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, मग उमरखेड. माझ्या लेखी तीच आपली बुलेट ट्रेन.

पुतणी : पण स्टेशन उमरखेडला. इथून तिथे जायचं कसं?

काका : हे बरोबर विचारलंस. गाडीच्या वेळेला ढाणकीची एसटी तिथे उभी पाहिजे, रात्रीच्या गाडीलासुद्धा. ते निवेदन आत्ताच द्यायला घ्या. रूळ पडल्यावर कोण ऐकतंय?