कॅनमधला टक्का



मागच्या पावसाळ्यात बोईसरजवळच्या आपल्या एका गटाची ऑर्डर परत आली. फरशी आणि संडास-बाथरूम पुसायला ५० लिटर जंतुनाशक हवं होतं, सोडियम हायपोचं, १ टक्का ताकदीचं. गटाने तारापूर एमआयडीसीच्या रस्त्यावरून १० टक्क्यांचा हायपोचा कॅन आणला. मग तोंडी हिशेब झाला: दहाचं एक करायचं, म्हणजे दहापट पाणी. ५ लिटर हायपो आणि ५० लिटर पाणी. माल झाला ५५ लिटर. पाच लिटर जास्तीचे निघाले म्हणून सगळ्या खूश! घेणाऱ्यांनी तपासून बघितलं तर ताकद ०.९ टक्के भरली. माल परत आला, टेम्पोचं भाडं अंगावर पडलं आणि पुढची ऑर्डर दुसरीकडे गेली. त्या दिवशी मी तिथेच बसले होते आणि मलाही चूक दिसली नव्हती, हे आधीच कबूल करते. म्हणून या वेळचा हिशेबाचा पाठ यावरच.

टक्के म्हटलं की पुष्कळ जणी म्हणतात, "ताई, ते शाळेतलं आता आठवत नाही." पण बैठकीत तुम्ही काय बोलता? "शेकडा दोन रुपयांनी दिलेत." शेकडा म्हणजेच टक्का. शंभरामागे दोन. ३,००० चं कर्ज असेल तर महिन्याचं व्याज ६० रुपये, हे तुम्ही वहीशिवाय सांगता. कॅनवरचा टक्काही तसाच असतो. शेकडा दोन म्हणजे किती रुपये, हे जसं मुद्दल कळल्याशिवाय सांगता येत नाही, तसं १० टक्के म्हणजे किती औषध, हे किती लिटर आहे ते कळल्याशिवाय सांगता येत नाही.

तर पहिलं काम, टक्का बाजूला ठेवायचा आणि आत खरा माल किती आहे ते मोजायचं. हायपोत काम करतो तो क्लोरीन. १० टक्के म्हणजे १ लिटरमध्ये १०० ग्रॅम क्लोरीन धरा. १ टक्का म्हणजे लिटरमध्ये १० ग्रॅम. ४ टक्के असेल तर ४० ग्रॅम. पाण्यात शून्य. दोन भांडी एकत्र ओतली की ग्रॅमची बेरीज होते, लिटरची बेरीज होते. टक्क्यांची बेरीज कधीच होत नाही.

आता त्या ऑर्डरकडे बघा. ५० लिटर हवं, लिटरला १० ग्रॅम. म्हणजे एकूण क्लोरीन ५०० ग्रॅम. तो सगळा कॅनमधून यायचा, कारण पाण्यात काहीच नाही. कॅनमधून किती लिटर घ्यायचं ते माहीत नाही, म्हणून त्याला एक नाव द्यायचं: क्ष. (दवाखान्यात क्ष-किरण म्हणतात ना, तोच हा क्ष. १८९५ साली राँटजेन यांना ते किरण सापडले तेव्हा ते नक्की कसले आहेत हे कळलं नव्हतं, म्हणून हे नाव.)

१०० × क्ष = ५००
क्ष = ५

५ लिटर हायपो. पाणी किती? ५० मधून ५ गेले, राहिले ४५. चूक इथे झाली. हायपो बरोबरच घेतला होता, पण "दहापट" हे पाण्याला लावलं. दहापट व्हायला हवा तो तयार झालेला एकूण माल. ५ चे ५० करायचे आणि त्या ५० मध्ये ते ५ आलेच.

पण मला जास्त हळहळ वाटते ती पुढच्या गोष्टीची. तो ५५ लिटर माल वाया घालवायची गरजच नव्हती. थोडा हायपो वरून घातला असता की झालं असतं. किती? पुन्हा क्ष धरू. आत ५०० ग्रॅम क्लोरीन आहेच. वरून क्ष लिटर घातला की १०० × क्ष ग्रॅम वाढेल. पण माल पण वाढेल, ५५ + क्ष लिटर होईल, आणि त्या प्रत्येक लिटरला १० ग्रॅम हवेत. डाव्या बाजूला आहे तेवढा क्लोरीन, उजव्या बाजूला हवा तेवढा:

५०० + १०० × क्ष = १० × (५५ + क्ष)
५०० + १०० × क्ष = ५५० + १० × क्ष

दोन्ही बाजूंनी १० क्ष काढा, मग ५०० काढा. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सारखंच उचललं तर काटा हलत नाही, तसंच हे.

९० × क्ष = ५०
क्ष = ०.५५५

म्हणजे साधारण ५६० मिली. अर्ध्या लिटरहून जरा जास्त. एका पाण्याच्या बाटलीत मावेल एवढ्या हायपोपायी अख्खी ऑर्डर गेली.

आता जरा अवघड. हायपो ठेवून ठेवून उतरतो. ऊन आणि उष्णता लागली की त्यातला क्लोरीन कमी होत जातो, आणि आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये काय होतं ते वेगळं सांगायला नको. समजा जुना हायपो तपासून घेतला, तो ४ टक्के भरला. नवा कॅन १० टक्क्यांचा आहे. गिऱ्हाईकाला ५ टक्क्यांचा ६० लिटर हवाय. जुना फेकायचा नाही.

"अर्धा-अर्धा करू या" असं कोणीतरी म्हणतंच. करून बघा: ३० लिटर नवा, ३,००० ग्रॅम, ३० लिटर जुना, १,२०० ग्रॅम. एकूण ४,२०० ग्रॅम ६० लिटरमध्ये, म्हणजे ७ टक्के. गिऱ्हाईक ५ टक्क्यांचे पैसे देणार आणि आपण ७ टक्क्यांचा माल देणार. माल परत येणार नाही, पण नफा जाईल, तोही कोणाला न कळता.

नवा क्ष लिटर. मग जुना किती? एकूण ६०, त्यातला क्ष नवा, म्हणून जुना ६० − क्ष. बायका इथेच अडकतात आणि जुन्यालाही दुसरं नाव देतात. दुसरं नाव लागत नाही; उरलेलं तेवढंच जुनं.

१०० × क्ष + ४० × (६० − क्ष) = ५० × ६०
१०० × क्ष + २,४०० − ४० × क्ष = ३,०००
६० × क्ष = ६००
क्ष = १०

नवा १० लिटर, जुना ५० लिटर. ताळा करून बघा: १,००० अधिक २,००० म्हणजे ३,००० ग्रॅम, बरोबर. आणि नुसत्या डोळ्यांनीही पटतं का ते बघायची सवय लावा: ५ हा आकडा ४ च्या जवळ आहे, १० पासून लांब. म्हणजे जुना जास्त लागणारच. उत्तर उलटं आलं असतं तर मापाला हात लावायच्या आधी कळलं असतं.

हे काही परदेशातून आलेलं गणित नाही बरं का. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली, त्यात वेगवेगळ्या कसाचं सोनं एकत्र वितळवलं तर कस किती येईल, याची गणितं आहेत. रीत हीच: प्रत्येक तुकड्याचं वजन गुणिले त्याचा कस, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. बांगड्या मोडून नवीन करायला सोनाराकडे जाल तेव्हा करून बघा. २२ कॅरेटचं १० ग्रॅम आणि १८ कॅरेटचं ५ ग्रॅम: २२० अधिक ९० म्हणजे ३१०, भागिले १५. जेमतेम पावणेएकवीस कॅरेट. २२ आणि १८ ची सरासरी २० धरून सोनाराने भाव केला तर तुमचं नुकसान.

हायपो हाताळताना मात्र हे पाळाच. हातमोजे आणि चष्मा घाला, काम उघड्यावर करा, भांडं प्लॅस्टिकचं घ्या, लोखंड-ॲल्युमिनियमचं नको. संडास धुवायचं ॲसिड आणि हायपो कधीही एकत्र करू नका, एकाच बादलीत पाठोपाठसुद्धा नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, डोळे आणि घसा जळतो, श्वास कोंडतो. हायपोचा कॅन आणि ॲसिडची बाटली एका फळीवर ठेवू नका. प्रत्येक कॅनवर आणल्याची तारीख आणि ताकद मार्करने लिहा. गटात जिला लिहिता येत नाही तिला आकडे वाचता येतातच.

आता तुमची दोन गणितं, पुढच्या बैठकीत फळ्यावर सोडवायला.

एक, दूध देणाऱ्या गटांसाठी. म्हशीचं १० लिटर दूध ७ फॅटचं आहे. त्यात ४ फॅटचं गाईचं किती लिटर मिसळलं म्हणजे सगळं मिळून ५ फॅटचं होईल? क्ष गाईच्या दुधाला द्या. ६ लिटरच्या आत उत्तर आलं तर पुन्हा बघा, कुठेतरी घसरलात.

दोन, सगळ्यांसाठी. गटाने ६०,००० रुपये वाटले. काही शेकडा एकने, काही शेकडा दोनने. महिन्याचं व्याज ८०० जमलं. शेकडा दोनने किती वाटले होते? सचिवाच्या वहीत बघायचं नाही, क्ष धरून काढायचं, आणि मग वहीशी ताळा करायचा.