म्हाताऱ्या माणसांच्या अंगावरच्या खुणा ओळखा

(गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचावा.)

ताईंनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालणं, तेल लावणं हे काम बहुतेक आपल्याच हातचं. त्यांचं अंग आपल्याइतकं कुणीच पाहत नाही. चुडावा असो की शेजारचं गाव, म्हातारं माणूस घरच्यांविरुद्ध सहसा तोंड उघडत नाही. म्हणून अंगावरच्या खुणा ओळखता आल्या पाहिजेत.

प्रत्येक डाग माराचा नसतो. वयानं कातडी पातळ होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर जरा धक्का लागला तरी हातावर जांभळे डाग पडतात. लगेच कुणावर आळ घेऊ नका.

पण हे दिसलं तर सावध व्हा :

• दंडावर बोटांचे वळ. मनगटाला, घोट्याला बांधल्यासारखा गोल वळ.
• कान, मान, पाठ किंवा मांडीच्या आतल्या बाजूला मुका मार.
• विडीच्या टोकाएवढा चटका.
• जुन्या-नव्या जखमा एकत्र, आणि विचारलं की प्रत्येकाचं सांगणं वेगळं.

सावळ्या अंगावर वळ चटकन दिसत नाही. हळूच हात फिरवून सूज, दुखरी जागा बघा.

हाल म्हणजे फक्त मार नव्हे. ओल्या कपड्यानं लाल झालेलं अंग, माकडहाडावर किंवा टाचेवर वास येणारी जखम, हे दुर्लक्षाचं लक्षण असू शकतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी. नीट काळजी घेऊनही कधी जखम होते. पण तिच्यावर उपचारच न करणं चूक. एकटी सून दमली असेल, तर तिला बोल न लावता गटातल्या दोघींनी हातभार लावा.

काय करायचं?

१. घरच्यांसमोर नको, एकटं असताना विचारा : "आजी, हे कशानं झालं? कुणाची भीती वाटते का?"
२. तारीख आणि खूण कुठे आहे ते लिहून ठेवा.
३. आशाताईला सांगा, दवाखान्यात दाखवा. जखमेवर राख, चुना लावू नका.
४. ज्येष्ठांसाठी मोफत फोन १४५६७. जिवाला धोका असेल तर ११२.

२००७ च्या कायद्यानं, मुलं सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर जमीन नावावर करून घेतली आणि सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं.

बैठकीत बोला : आपल्या गल्लीत अंथरुणाला खिळलेलं कोण आहे? या आठवड्यात त्यांच्याकडे कोण जाणार?